बूड, एक नग

दारूखान्यात आता दारूचा कण नाही,
तोडलेल्या जहाजांचे पत्रे आहेत
आणि त्यांच्या मागे माझं लेथचं दुकान.

बस्त्याव कोरिया गोराईहून आला
गोधडीत गुंडाळलेली नळी घेऊन.
ठासणीची, म्हणाला, आज्याची.
कान पोलिसांनी कधीच बुजवलाय,
कागद सगळे आहेत.
फक्त बूड हवंय.

नळी डोळ्याला लावली.
आरपार दिसली बंदरातली क्रेन
आणि तिच्यावरचा कावळा,
चवलीएवढ्या उजेडात.

मग आटे मोजले.
तेरा आणि चौदाच्या मधे कुठेतरी,
पहिला जाड, तिसरा बारीक.
कुणा लोहाराने अंदाजाने पाडलेले;
त्याचा टॅप त्याच्याबरोबर गेला.
माझ्या गिअरांच्या पेटीत
त्या माणसाच्या हाताचं चाक नाही.

म्हणून लेथ बंद. कानस.
फिरवायचं, अडलं की काढायचं,
मेणबत्तीची काजळी धरायची, परत फिरवायचं,
जिथे काजळी पुसली गेली
तिथलंच घ्यायचं, थोडं.
थोडं म्हणजे
छाव पडलेली दिसू नये, नुसता वास यावा लोखंडाचा.

तिसऱ्या दिवशी तो स्टुलावर बसून म्हणाला,
एवढं कशाला मास्तर?
नव्या टॉवरमधे हॉलच्या भिंतीवर टांगायचीय.
आटे नसले तरी चालेल. डकवून द्या.

जुनं बूड कुठाय, मी विचारलं.

बराच वेळ पलीकडे गॅसकटर चालू होता.
तो थांबल्यावर बस्त्यावने
आपल्याच उजव्या डोळ्याखाली बोट टेकवलं.
उंबराच्या पाण्याची संध्याकाळ होती,
थोरल्या आत्याचं लग्न.
हवेत बार काढला.
पुढून या नळीने
कधी कोंबडं मारलं नाही.
मागून...
आज्याने पुढची चाळीस वर्षं
मान उजवीकडे वळवूनच जाळी विणली.
आम्हाला वाटायचं, सगळे तशीच विणतात.

मी काजळी पुन्हा धरली.

सोमवारी शेवटचा पाव फेरा उरला.
पान्यावर सगळं वजन टाकलं.
टेकलं.
टेकल्याचा आवाज नसतो,
मनगटाला कळतं.

नळीवर छिन्नीची जुनी खूण होती, अर्धीच.
उरलेली अर्धी मी नव्या बुडावर मारली.
हात हलला, किंचित तिरपी गेली.
राहू दे, तो म्हणाला.

त्याने पुढून आत पाहिलं.
क्रेन नाही, कावळा नाही.
मग नळी उलटी धरली,
गाल बुडापाशी नेला,
जिथे आज्याचा होता,
आणि तसाच उभा राहिला
डोळे न मिटता.

जाताना सुक्या बोंबलांची पुडी
व्हर्निअरच्या डबीवर ठेवून गेला.
मी पावती फाडली:
बूड, एक नग. मजुरी, चार दिवस.
मेणबत्तीचे पैसे लावले नाहीत.