अक्षरामागे दीड पौंड

किलबर्वीच्या मैदानात, पूर्वेच्या स्टँडखाली,
जिन्याला चिकटून माझं दुकान.
म्हणजे दुकान क्लबचं, माझी फक्त इस्त्री.
शर्टांच्या पाठीवर नावं चिकटवते, एकवीस वर्षं झाली.
दीडशे अंश, पंधरा सेकंद, वरून बटर पेपर.
अक्षरामागे दीड पौंड. आकड्याचे चार.

लग्नाच्या वेळी केला नसेल इतका विचार
माणसं इथे करतात, कुणाचं नाव घालायचं म्हणून.
मासळीबाजारातून थेट येतात, नोटांना हेरिंगचा वास,
मी काही म्हणत नाही, खिडकी किंचित उघडते.

स्ट्रुअन ऑर स्वस्त पडायचा.
ओ, आर, आर.
साडेचार पौंडांत अख्खा डावा विंगर.
त्याची आई बर्फाच्या कारखान्यात.
नऊ वर्षांचा असताना आला होता काउंटरला हनुवटी टेकून,
माझंच नाव घाला म्हणाला.
म्हटलं, आधी खेळाडू हो, मग फुकट घालीन.
झाला. घातलं.
त्या हिवाळ्यात आर तीनदा मागवावे लागले.

एकतीस जानेवारीला रात्री साडेअकराला विकला त्याला.
आम्हाला कळलं तेव्हा पोरगा निम्म्या रस्त्यात होता,
बूट अजून इथेच, खुंटीला.
पेंडलबरीसाहेब कुठल्याशा उबदार खोलीतून पडद्यावर बोलले,
मागे कपाटात एकही पुस्तक न उघडलेलं:
ही एक प्रक्रिया आहे, थोडा विश्वास ठेवा.
दूध नासतं, तीही प्रक्रियाच.

त्याच्या जागी तिघे आणले.
एक चौतिशीचा, गुडघ्याला पट्टी बांधूनच विमानातून उतरला.
एक बचावपटू. बचावपटू आमच्याकडे आधीच सात,
आणि गोल खायला आठवा.
तिसरा स्ट्रायकर, जॉर्जियाचा.
त्याचे कागद मुदतीनंतर पोचले. वरातीमागून घोडं.
आता मेपर्यंत स्टँडमध्ये कोट घालून बसेल
आणि टाळ्या वाजवायला शिकेल.

शनिवारी तीन शून्य.
म्हातारा म्यूर मध्यंतरातच जिना उतरून आला,
शर्ट काउंटरवर आपटला: काढ ते नाव.
इस्त्री तापवली. अक्षरं तापली की सुटतात,
पण खालचं कापड फिकं होत नाही ना तेवढं,
म्हणून नाव गेल्यावरही वाचता येतं.
त्याने ते पाहिलं.
मग तसाच घातला, उलट्या दिशेने चेन ओढत जॅकेटची,
आणि दुसरा अर्धा भाग बघायला वर गेला.
शिव्या द्यायला तरी कुणीतरी हवं, म्हणाला.

मंगळवारी दुकानात तो आला. त्सिस्कराउली.
उंच, दारात वाकून.
आईला शर्ट पाठवायचाय, खुणांनी आणि थोड्या इंग्रजीत.
त्याच्या नावाचं हे पहिलंच गिऱ्हाईक, तो स्वतः.
अकरा अक्षरं. साडेसोळा पौंड.
मी क्लबच्या पत्रकात बघून लावायला घेतलं,
तर त्याने बोट ठेवलं: इथे एक एस कमी आहे.
ज्यांनी त्याला विकत घेतला
त्यांना तो नीट लिहिताही आला नव्हता.

माझा राग होता ना त्याच्यावर, चांगला दोन आठवडे जपलेला.
तो कुठे ठेवावा कळेना.
टी, एस, आय, एस, के, ए...
आरच्या खणात हात घातला.
तळाशी एकच होता, ऑरसाठी मागवलेल्यांतला उरलेला.
पंधरा सेकंद मोजायचे असतात.
मी वीस मोजले.
पैसे घेतले. नियम आहे.
आकड्याचे नाही घेतले; त्याला आकडा अजून दिलेलाच नाही.

आर संपलेत, असं वर लेखी कळवलं होतं.
आज खोकं आलं.
उघडलं तर चाळीस झेड.
सवलतीत मिळत होते, चिठ्ठीत लिहिलंय.
या गावात झेड कुणाच्याच नावात नाही.