अडतीस टक्के

हलग्याला अधिवेशन. आत काय चाललंय
ते रस्त्यावर ऐकू येत नाही.
बॅरिकेडपाशी मसणूदादाची तीनचाकी,
मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला:
अडतीस टक्के.
पगाराला चाळीस लागतात.

गाडी थांबली, काच अर्धी खाली आली.
दादानं कानडीत विचारलं,
मग माझ्यासाठी मराठीत,
"साहेब, दोन टक्क्यांनी धड म्हणता मला,
तर ते दोन टक्के
कुठल्या पायात हाईत?
दाखवा. तेवढ्यावर उभा राहतो."

पीए म्हणाला, अर्ज ठेवा.
"सहा ठेवलेत.
आज पोच पाहिजे, तारखेसकट."

मंत्री खिसे चाचपतात. पेन नाही.
मागं हॉर्नवर हॉर्न.
दादानं ब्रेक ओढला.
"सावकाश शोधा साहेब,
मी बसूनच हाय."