आठ बोटं

माझ्या बापाला आठ बोटं होती.
डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारची, ह्या दोघी नव्हत्या.
कुठे गेल्या ते
गावात ज्याला त्याला वेगळं ठाऊक.

शाळेतल्या पोरांना सांगे,
पाढे चुकलो, गुरुजींनी कापून घेतली.
एसटीतल्या कंडक्टरला सांगे,
सुटे पैसे नव्हते म्हणून देऊन टाकली.
आणि घरी पाहुणे बसले की, आईला ऐकू जाईल असं,
"हिच्या हातचं मटन खाल्लं ना बापा,
चाटता चाटता कवा गेली, कळलंच नाही!"
आई सराटा उगारी.
तो तीन बोटांचा सलाम ठोके.

सोळा वर्षं फौजेत काढून
एक काळी पेटी घेऊन आला. वर पांढऱ्या रंगात
नायक फा. तु. लांजेवार.
पेटीत चिन्नोरचं बियाणं राहायचं.
मेडल कुठे होतं, मला माहीत नाही.
बैलांची नावं मात्र सुभेदार आणि लान्सनायक.
लान्सनायक वशिंड हलवून आदेश मोडायचा,
मग त्याला शिक्षा म्हणून
बाप स्वतःच बांधीभोवती एक चक्कर पळायचा.

रोवण्याच्या दिवशी धुऱ्यावर उभा राहून ओरडे,
"एक कतार!"
आणि वाकलेल्या बाया
कमरेवर हात ठेवून सरळ व्हायच्या,
एकमेकींकडे पाहायच्या,
आणि चिखलाचे गोळे असे सुटायचे
की माझा बाप पऱ्यांच्या पेंढीआड दडायचा, खिदळत.
संध्याकाळी त्यांना चहा तोच करून पाजी. साखर फार.

एका मंडईत त्याला नाटकात इन्स्पेक्टर केलं.
चार वाक्यं होती. चारही विसरला.
टाचा जुळवल्या, छाती काढली आणि म्हणाला,
"अगला आदेश आने तक सब लोग यहीं रुकेंगे!"
रात्रीचे तीन वाजले होते, लोक खरोखरच थांबले.
पुढच्या वर्षी लेखकानं ते वाक्य नाटकातच घालून घेतलं.

माझं लग्न ठरलं त्या पुसात
मी खऱ्यावर डबा घेऊन गेले.
धानाचे भारे रचलेले, शेकोटी,
तो घोंगड्यात, डोकं तेवढं बाहेर.
मी म्हटलं, बाबा, थंडी किती!
तो म्हणाला, "हे थंडी नाही होय."

मग बराच वेळ नुसती तुऱ्हाट्या मोडत बसला.

"कुंजीलाल होता. सतन्याकडचा.
त्याचा हातमोजा वाऱ्यानं नेला.
मी माझा देल्ला.
बस."

मग?

"बर्फातून काहाडला त्याले, तवा मोजली.
दहाच्या दहा होती.
अगदी चांगली."

शेकोटीत काही तरी फुटलं, बहुतेक बिवळ्याची गाठ.
त्यानं डबा उघडला, वास घेतला, भुवया उडवल्या.
"हे कोनाले सांगू नको, पोरी.
नाही तं माझी मटनाची गोष्ट खराब होते."

मी सांगितलं नाही.
नवऱ्याला नाही, दादाला नाही,
आईलाही नाही.
पेटीवर बसून ती बांगड्या काढत होती, तेव्हा
ओठांपर्यंत आलं होतं.

तेरवीच्या पंगतीत
दादाची चार वर्षांची पोर
फोटोतला हात बघत म्हणाली,
आबाची बोटं कुठं गेली?
वाढणारे थांबले. पत्रावळीवरचे हात थांबले.
मी मान खाली घातली.

आईनं वरणाची बादली खाली ठेवली,
पदराला हात पुसले,
आणि कधी नव्हे ते तिनंच सांगितलं:
"माझ्या हातचं मटन खाल्लं ना त्यानं..."

हसू आधी रोवणाऱ्या बायांच्या ओळीतून आलं.

आणि ती, बादली उचलता उचलता,
कुणाकडेच न बघता,
"मीठ तं जास्तच झाल्तं त्या दिवशी."