उदाहरणातलं मांजर

हापसालूच्या जुन्या स्टेशनात आता गाडी येत नाही.
तिथली वेटिंग रूम महिन्यातल्या एका शनिवारी आमची.
हीटर एक, प्लगपॉइंट दोन,
आणि खिडकीबाहेर खाडी गोठून पडलेली, रस्त्यासारखी.

आम्ही प्रोग्रॅम लिहीत नाही.
ते लिहिणारे वेगळे, आणि कायम घाईत.
त्यांच्या मागून आम्ही येतो,
पंगत उठल्यावर पानं उचलणाऱ्यांसारखे,
आणि प्रत्येक आज्ञेखाली लिहून ठेवतो
ही काय करते, काय करत नाही,
काय करते असं तुम्हाला उगाच वाटेल.

हेल्दुर तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनात होता.
'शक्यतो' हा शब्द त्याला खपत नाही.
'शक्यतो झडप बंद होते, म्हणजे?
बुडायचं की नाही तेवढं सांग.'
मागच्या हिवाळ्यात त्यानं एकाच पानातून
नऊ 'शक्यतो' उपटले.
दहावा राहू दिला.
तिथे खरंच कुणालाच माहीत नव्हतं.

मार्ये नर्स आहे, रात्रपाळी करून थेट येते,
पायांत अजून वॉर्डातले बूट.
ती आधी तळाशी जाते, 'दोष' या मथळ्याखाली,
जिथे आज्ञा स्वतःच्या तोंडानं कबूल करते
की नावात मोकळी जागा असली तर माझा गोंधळ होतो,
की फेब्रुवारी मला नीट मोजता येत नाही.
'माणसं दाखल करून घेताना
असा एक रकाना हवा होता,' म्हणते,
आणि डोळे चोळत एक स्वल्पविराम हलवते.

आज पान निघालं ते 'स्पर्श'चं.
साधी आज्ञा. फाइल नसेल तर रिकामी तयार करते,
असेल तर आत बोटही लावत नाही,
नुसती तारीख आजची करते.
हे पान एन्देल साल्मनं लिहिलं, मी शाळेत असताना.
पुढे एकेक वाक्य कुणी ना कुणी बदललं,
पहिलं लिस्बनच्या कुणीतरी,
तिसरं मी, दोनदा, त्यातलं एकदा चुकीचं.
एन्देल गेला त्या वर्षी शेवटचा परिच्छेदही गेला.
त्याचं म्हणून उरलंय उदाहरणातल्या फाइलचं नाव:
नुर्र.
त्याचं मांजर.

काउर सतरा वर्षांचा, दुसऱ्यांदाच आलेला.
म्हणाला, इथे 'फाइल-एक' करू या,
नुर्र म्हणजे काय, कुणाला कळणार?
त्याचं बरोबर होतं.
नियमच आहे तसा.
तो लिहिलाय मीच.

हेल्दुर चष्मा पुसत राहिला, पुसून झाला तरी.
मार्येनं विचारलं,
'नुर्र लिहिलं तर आज्ञा चालते?'
'चालते.'
'कुणाचं काही बिघडतं?'
'नाही, पण...'
त्या 'पण'नंतर काउर चार्जर शोधायला उठला,
आणि आम्ही पुढच्या पानाकडे वळलो.
साडेतीनला अंधार झाला.
उरलेल्या बिस्किटांचा डबा हेल्दुरनं कोटात घातला,
दर वेळी घालतो, आम्ही बघत नाही.

घरी येऊन, टोपीही न काढता,
मी टाइप केलं: स्पर्श, मग नुर्र.
म्हटलं, रिकामी फाइल होईल, मग पुसून टाकू.
पण ती आधीपासूनच होती,
कधीतरी शिकताना, उदाहरण जसंच्या तसं गिरवताना
माझ्याच हातून झालेली,
एका डिस्कवरून दुसरीवर माझ्यामागे आलेली.
उघडून पाहिली. आत काहीच नव्हतं.

तारीख मात्र आजची झाली होती.