सरपणाच्या भावाने

पहिली फळी घेतली तेव्हा हे चित्र आहे
हे वखारवाल्या बाबलला ठाऊक नव्हतं,
मला तरी कुठे.
अकरा किलो भरली. बारा रुपये किलो.
दोन गंजके खिळे फुकट,
तिच्यातच होते.

हर्णैला होडी मोडतात तेव्हा
आधी इंजिन जातं, मग पंखा, मग पितळ,
आणि सगळ्यात शेवटी, चुलीच्या वाट्याला, नाव.
माझ्या फळीवर एवढंच उरलं होतं:
'…वीरा प्रस…'
आणि त्याखाली गुलाबी मासा,
डोळ्यांना पापण्या असलेला.

मी बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजते.
काचेच्या दारातून आत जाऊन
चित्राची किंमत विचारणारी माणसं वेगळी,
चपलांवरून ओळखू येतात.
मी चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात
महिन्याला दीडशे टाकायला लागले.
एका रविवारची सुरमई गेली, बांगड्यावर भागलं.

नऊ फळ्या झाल्या.
शिकले ते चुकून शिकले:
ओल्या फडक्याने पुसू नये,
मिठाबरोबर निळाही निघून येतो.
नलूवहिनी दारातून म्हणाल्या,
"आगोट भरतेस का गं एवढी?"

एका शुक्रवारी नमाजानंतर
अडखळच्या शमशुद्दीन पेंटरना घेऊन आले.
मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत. बोटांनीच बघत गेले
एकेक फळी, आंधळ्याने चेहरा बघावा तशी.
तिसरीपाशी थांबले.
"हा मी नाही. हा मुर्तुझा, माझा पोरगा हाताखालचा."

तीच माझी सगळ्यात आवडती.
म्हटलं, काय लाटा काढल्यात, चाचा, बारीक बारीक,
काठापर्यंत हलणाऱ्या.

"लाटा नव्हेत बाई. हिवताप.
दुसऱ्या दिवशी होडी उतरायची होती पाण्यात,
ब्रश सोडायला तयार नव्हता."

बराच वेळ हात तिथेच.
मग पापण्यांच्या माशाकडे वळून,
"ही केवढ्याला पडली?"
एकशे बत्तीस, म्हटलं, ओशाळून.
ते मनात काहीतरी मोजत राहिले.
"आख्ख्या होडीचे मला ऐंशी मिळाले होते,"
आणि हसले, दात नसलेलं,
"म्हणजे चढलोय की मी."

सही करता का विचारलं.
नको म्हणाले. चहा मात्र दोनदा घेतला.

परवा बाबलने भाव बदलला:
नुसतं लाकूड बारा,
नाव असेल तर पंधरा.
मी घासाघीस केली नाही.