दोरीचं भोक

माझं काम दगडांना नंबर घालायचं.
रेल्वे लाइन्समधल्या बंगल्यात सकाळी सातला शिडी,
खडूनं भिंतीवर: उत्तर, थर चौथा, दगड अकरा,
वहीत: कोपरा उडालेला, सांधा रिकामा, पिंपळाचं मूळ.
दोन महिन्यांत नऊशे झाले.
अम्मा घरी रोज हजार विड्या वळते,
माझ्या आकड्याला हसते.

बंगला कुण्या गोऱ्या मिल इंजिनिअरचा.
नंतर रेशनचं गोदाम, मग निवडणुकीच्या पेट्या,
मग नुसती वटवाघळं.
आता जतन करायचं ठरलंय.
फाटकाजवळच्या पाटीचा मजकूर मंजूर होऊन आला:
साहेबाचं नाव, मडमेचं नाव,
तिनं लावलेल्या गुलाबांच्या जातीसुद्धा.

चुना दुर्गप्पा मळतात.
गूळ, बेलाचा गर, हिरड्याचं पाणी,
घाणीचं चाक फिरलं की आवारभर आंबूस वास
आणि माशा.
सिमेंटचं नाव काढलं तर थुंकतात.

एप्रिलमध्ये, त्रेचाळीस डिग्रीत,
मोठ्या खोलीच्या पश्चिम भिंतीत ते सापडलं.
मुठीएवढं भोक, छताच्या जरा खाली,
आरपार, व्हरांड्यात उघडणारं.
आत चिमण्यांनी कोंबलेलं गवत,
गवतात मिलचं सूत,
अजून पांढरं.

नकाशात नाही.
आर्किटेक्ट फोनवर म्हणाले,
नंतर कुणीतरी पाडलं असेल, बुजवून टाका.

दुर्गप्पांनी थापी खाली ठेवली.
शिडी मागितली, वर चढले,
भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, डोळे मिटून.
"दोरीनं खाल्लंय," म्हणाले. "दगडाला. बघ की हात लावून."

लावला.
काळा पाषाण, छन्नीलाही दाद न देणारा,
आणि त्याच्या खालच्या कडेला एक खाच,
जिभेसारखी मऊ.

आत पंखा.
आत वाळ्याचे पडदे, बर्फ, पत्रं लिहिणारी बाई.
बाहेर आपलं सोलापूरचं ऊन.

"उभा नव्हता बघ तो," दुर्गप्पा शिडीवरूनच सांगत होते,
"बसलेलाबी नव्हता. खाच सरळ उतरंना, डावीकडं कललीया.
त्या कोपऱ्यात आडवा पडायचा,
पायाच्या अंगठ्याला दोरी.
झोपंतबी पाय हालत असंल."

वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला:
एक उन्हाळा, दिवसाचे आठ तास, मिनिटाला वीस हिसके.
शून्यं वाढत गेली.
खोडलं.

जुन्या दप्तरात खर्चाचा एक कागद मिळाला,
वाळवीनं अर्धा नेलेला.
पंखेवाला, एक. महिना चार रुपये.
त्याखाली: घोड्याची चंदी, नऊ.
घोड्याचं नाव लिहिलं होतं.

तक्त्यात भोकाला रकाना नाही.
दगड असेल तर नंबर,
दगड नसेल तर "गहाळ".
मी बराच वेळ पेन धरून बसले.
मग लिहिलं:
पश्चिम, थर सतरा, दगड सहा.
दोरीची खाच. बुजवू नये.
खाली सही केली, पूर्ण नावानं, आडनावासकट.

दुपारी सगळे बदामाच्या सावलीत
कडक भाकरी मोडत बसले होते.
मी व्हरांड्यात गेले, डाव्या कोपऱ्यात,
आणि कुणी बघत नाही बघून आडवी झाले.
शहाबादी फरशी भाजत होती.
चप्पल काढली. अंगठा हलवला,
उगीच,
दोन-चारदा.

तिथून पाटीची जागा दिसत नाही.
गुलाबांचे वाफेही नाहीत.
पायांच्या वर भोक दिसतं,
आणि मान वळवली की, कठड्याच्या पलीकडं, बंद मिलची चिमणी,
धुराशिवाय.

दुसरी चिमणी कठड्यावरच होती.
चोचीत काडी.
मी कधी उठते त्याची वाट बघत.