एकास चार

पहिलं खुराडं मी अगदी नियमानं बांधलं होतं.
जड जातीच्या कोंबड्या, चार-चार किलोच्या,
पंजांवरही पिसं, पायमोजे घालून निघाल्यासारख्या.
त्यांना उंची मानवत नाही.
वरून उडी टाकली की तळवे सुजतात,
छातीचं हाड दुखावतं.
म्हणून दांडी वीतभरच वर,
आणि दांडी म्हणजे बांबू नव्हे, चपटी पट्टी, चार बोटं रुंद,
पंजे झाकून पोट टेकता यावं अशी.
अंड्यांच्या पेट्या जमिनीलगत. दार ऐसपैस.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
मी डब्यांच्या पायऱ्यांचे नकाशे काढले.
किती इंचांवर माणूस थबकतो, मला ठाऊक आहे.

सगळं बरोबर होतं.
फक्त विश्वामित्रीला विचारायचं राहिलं.

मुजमहुड्यात पाणी आलं रात्री दोनला,
मागच्या नाल्यातून, आवाज न करता.
तिघींना उषानं स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं,
गॅसच्या शेजारी.
चौथीसाठी मी परत गेलो
तेव्हा टॉर्चच्या उजेडात दांडी दिसेना.
सकाळी गल्लीत मगर शिरली म्हणून पोरं ओरडत होती.
आम्ही बघायला गेलो नाही.

पाणी ओसरलं. भिंतीवर रेघ उरली,
साडेतीन फुटांवर, चहाच्या डागासारखी.
आणि टेबलावर माझा कागद:
कोंबडी म्हणते खाली,
नदी म्हणते वर.

ठाकोर मिस्त्री म्हणाला, कप्पी लावा,
संध्याकाळी पिंजरा ओढून घ्यायचा, विहिरीच्या बादलीसारखा.
जशोदाबेन भिंतीपलीकडून म्हणाल्या,
एवढं कशाला, बदकंच पाळा ने.

रेघेच्या वर सहा इंच, म्हणजे चार फूट.
चढ एकास चार, त्याहून खडा नको.
म्हणजे सोळा फूट फळी.
अंगण अकरा.
चार दिवस मी खोडरबर झिजवला.
शेवटी सीताफळापाशी मोड घेतला,
मोडावर दोन फुटांचा सपाट चौक,
आडव्या पट्ट्या दर चार बोटांवर,
कडेला बोटभर काठ, घसरू नये म्हणून,
आणि खाली, सुरुवातीला, पोतं:
चिखलाचे पाय पुसायला.
ठाकोर खिळे तोंडात धरून हसला,
साहेब, कोंबड्यांचा फ्लायओव्हर!

पहिल्या संध्याकाळी
बटाटी गेली, तिच्यामागे राणूबाई,
ढुंगण हलवत, घाई नसल्यासारख्या.
तिसरी चौकात बसली ती बसलीच.
उचलायचं नाही, असं आमचं ठरलेलं.
उषानं स्वतःचे हात पाठीमागे धरून ठेवले.
ठाकोर सायकलवर बसला होता, पण एक पाय अजून जमिनीवर.
जशोदाबेनच्या घरात आरती संपली.
मग ती उठली.
एक पट्टी.
मान वाकडी करून खाली बघितलं.
दुसरी.

आत टॉर्च मारला तर तिघी
एका टोकाला चिकटून बसलेल्या.
पट्टीचं माप मी जुन्याच नकाशातून उतरवलं होतं,
चौघींचं,
बदलायचं लक्षात आलं नाही.

परवा ठाकोर करवत घेऊन आला होता,
म्हणाला, फूटभर जास्त आहे, कापून देतो.
उषानं त्याला चहा दिला.
चहा पिऊन तो गेला.